दहा हजार हर्ट्झवरचा सुळका

सोनीच्या एमडीआर-झेड१आर या हेडफोनला नावं ठेवणाऱ्यांत मी पुढे होतो. आता त्याची बाजू घेतो, म्हणून घोडनदी ते दौंड पसरलेल्या आमच्या ध्वनिवेड्या कंपूने मला फितूर ठरवलंय. फितूर तर फितूर. पण का फिरलो ते सांगून टाकतो.

हा हेडफोन २०१६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आला. किंमत २,३०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दीड लाखाच्या वर. एवढ्यात दावणीला बैलजोडी येते, हा आमचा पहिला आक्षेप. दुसरा जाहिरातीवर. कपाच्या आतला ध्वनी गाळणारा भाग म्हणे कॅनडातल्या सूचिपर्णी झाडांचा लगदा जपानी झऱ्याच्या पाण्यात कालवून केलेला. "भीमेचं पाणी चाललं नसतं का?" असं आमच्यातला एक दौंडकर दर बैठकीत विचारायचा आणि आम्ही दर वेळी हसायचो. तिसरा आक्षेप मात्र भारदस्त होता. टिल हर्टसन्स या अमेरिकी समीक्षकाने मोजमाप केलं, त्यात आवाजाच्या आलेखावर दहा हजार हर्ट्झच्या आसपास उंच सुळका निघाला. झालं, हेडफोन बाद! तोवर आमच्यापैकी एकानेही तो कानाला लावला नव्हता.

बाद करायची फूटपट्टी आम्ही हार्मन कंपनीकडून उसनी घेतलेली. तिथल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोते बसवून, जास्तीत जास्त लोकांना कसा आवाज आवडतो ते तपासलं आणि त्यावरून एक आदर्श आलेख काढला. काम चोख आहे, मला त्याबद्दल आजही आदर आहे. पण २०१४च्या त्यांच्या अभ्यासातले श्रोते अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीनमधले होते. ढोलकी तिथे कोण वाजवणार? शिवाय डोळे बांधले तरी वजनावरून आणि गादीवरून हेडफोन ओळखू येतोच, म्हणून त्यांनी शक्कल लढवली. एकाच हेडफोनमधून बाकीच्या हेडफोनांच्या आलेखांची नक्कल ऐकवली. पूर्वग्रह टाळायला हे उत्तमच. मात्र झेड१आरचा आवाज काढणारा ७० मिलिमीटरचा पडदा कानासमोर आल्यावर काय वाटतं, हे त्या पद्धतीत कळणं अवघड. नेहमीचे पडदे चाळीस-पन्नास मिलिमीटरचे असतात.

दौंडच्या एका निवृत्त रेल्वेवाल्या काकांकडे हा हेडफोन पडून होता. विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळेना, आणि त्याला आमची बडबडही थोडीफार कारणीभूत. "विकत नको घेऊस, पण शिव्या देण्याआधी ऐक तरी," म्हणून त्यांनी तो माझ्या हवाली केला.

माझा धंदा साऊंडचा. शिरूर तालुक्यातल्या जत्रा, सप्ते, लग्नं यांत मिक्सरमागे केस पिकले. त्यामुळे मी परदेशी नमुना-गाणी न लावता चौफुल्याला संगीतबारीच्या बैठकीत परवानगीने केलेली माझीच ध्वनिमुद्रणं लावली. तिथे मी ढोलकीपासून दोन हातांवर बसलेलो होतो, म्हणजे खरं कसं वाजत होतं ते मला ठाऊक होतं. डाव्या पुडीचा घुमारा छातीशी आला आणि पसरट न होता तिथेच थांबला. उजव्या पुडीवरच्या थापेला कड होती. पेटी थोडी मागे, घुंगरू पुढे. बैठकीत घुंगरू पुढेच असतात. आलेखाप्रमाणे निर्दोष असलेल्या माझ्या हेडफोनवर तेच घुंगरू भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटायचे.

मग सुळक्याचं काय? दहा हजार हर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर असते, म्हणजे कानाच्या पाळीहूनही लहान. कप जरासा सरकला, किंवा मोजायच्या कृत्रिम कानाऐवजी दुसऱ्या आकाराचा कान आला, की तिथला आकडा बदलतो. मी खालून वर सरकणारा स्वर वाजवून पाहिला, तर माझ्या कानाला उंचवटा लागला, पण त्याला सुळका म्हणवत नाही. आता खरं सांगायचं तर याचं दुसरंही कारण असू शकतं. इतकी वर्षं कर्ण्यांच्या आणि स्पीकरच्या भिंतींशेजारी उभं राहिल्यावर माझं वरच्या पट्टीतलं ऐकणं किती उरलंय? कदाचित तो हेडफोन माझ्या कानांची तूट भरून काढत असेल. कंपूत हे बोललो तर सगळे खूश झाले, "बघ, म्हणजे तुझे कान गेलेत!" मी म्हटलं, गेलेत ना, पण ऐकायचं मलाच आहे. आणि कंपूतले बहुतेक पन्नाशीपुढचे आहेत. वय वाढतं तसं वरचे स्वर आधी जातात, मग तो सुळका टोचतोय कुणाला?

खोटी वकिली करणार नाही. ख्यालगायकीत गळ्याचा मधला भाग यात मागे सरतो, बारीक हरकती झाकोळतात. बंद कपाचा असूनही बाहेरचं बरंच आत येतं. नगर रस्त्यालगतच्या माझ्या दुकानात ट्रकचा हॉर्न थेट पोचतो. ३८५ ग्रॅम वजन तासाभराने मानेला कळतं. आणि दीड लाख ही किंमत मला आजही पटत नाही, झऱ्याचं पाणी धरूनसुद्धा.

कीर्तनाचं ध्वनिमुद्रण तपासायला मी १९९१पासून बाजारात असलेला सोनीचाच एमडीआर-७५०६ अजून वापरतो. शब्द तिथे स्वच्छ लागतात. ढोलकीचं काम आलं की मात्र दौंडला फोन करतो. काकांना निम्मी किंमत देऊ केली होती. आता ते म्हणतात, विकायचा नाही, कारण कंपूतले आणखी दोघं गुपचूप ऐकून गेलेत.