चौथीनंतरची सकाळ

सहावी-सातवीतल्या मुलांचे आईवडील बालरोगतज्ज्ञाकडे येतात तेव्हा तक्रारी साधारण ठरलेल्या असतात: उलट बोलतो, खोलीचं दार लावून बसते, कशातच मन लागत नाही आणि सकाळी दहा हाका मारल्या तरी उठत नाही. पहिल्या तिन्हींना ‘वयच तसं आहे’ म्हणून सूट मिळते. शेवटचीला मात्र आळस म्हणतात. माझं मत नेमकं उलट आहे. वयाचा शरीरात मोजून दाखवता येणारा परिणाम सकाळच्या त्या न उठण्यातच सापडतो, आणि उरलेल्या तिन्ही तक्रारींना अपुरी झोप खतपाणी घालते.

अंधार पडल्यावर मेंदूतून मेलॅटोनिन पाझरू लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. वयात येताना हे पाझरणं उशिरा सुरू होतं. शिवाय दिवसभराच्या जागेपणाने झोपेची जी ओढ साठत जाते, तीही या वयात सावकाश साठते. म्हणून साडेनऊला दिवा मालवला तरी मूल कूस बदलत पडून राहतं. अमेरिकेतल्या मेरी कार्सकाडन यांनी १९९३ मध्ये सहावीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाच इयत्तेतल्या मुलींपैकी ज्या शारीरिक वाढीत पुढे होत्या, त्यांचा कल रात्री उशिरापर्यंत जागण्याकडे अधिक होता. म्हणजे वर्ग तोच, शाळेची वेळ तीच, फरक होता तो शरीराच्या वाढीचा. झोपेची गरज मात्र घटत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात, बारापर्यंतच्यांना नऊ ते बारा. त्यातही वयात येण्याची सुरुवातच मुळी झोपेत होते: पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक आधी रात्रीच्या झोपेतच वाढीव प्रमाणात सुटू लागतं, आणि वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोट येतो तोही गाढ झोपेत. पावणेअकराला डोळा लागलेलं मूल पावणेसहाला उठवलं, की हातात उरतात सात तास.

‘हे सगळं त्या मोबाईलमुळे’ असं कोणी म्हणेल. मोबाईल जागरणात भर घालतो हे निर्विवाद. तो रात्री खोलीबाहेरच राहिला पाहिजे. पण १९९३ मध्ये सहावीतल्या मुलांच्या हातात मोबाईल नव्हता. दुसरा आक्षेप आजोबांच्या पहाटे उठण्याचा. आजोबा उठत होते, मान्य. पण त्या वयात ते रात्री किती वाजता अंथरुणावर पडत, हेही विचारायला हवं. शरीराचं घड्याळ मागे खेचायला सकाळचा उजेड लागतो, आणि जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. सातच्या शाळेतली प्रार्थना तेव्हा सूर्योदयाआधीच उरकलेली असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. तो मला स्वागतार्ह वाटतो, पण अर्धवट. लहान मुलं निदान स्वभावतः लवकर उठणारी. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं, ती पाचवीनंतरची. एकाच इमारतीत दोन सत्रं भरवणाऱ्या शाळेत लहानांचं सकाळचं सत्र गेलं, तर ते मोठ्यांच्याच वाट्याला येणार, दुसरं कोण आहे? अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी नकोत असं सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून तसा कायदाच लागू आहे: उच्च माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी नाहीत, त्याखालच्या आठच्या आधी नाहीत. यावर हमखास येणारा प्रश्न असा, की शाळा उशिरा भरली तर मुलं तितकीच उशिरा झोपणार, मग साधलं काय? सिअॅटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ झाली आणि मुलांच्या मनगटावर मापक बांधून झोप तपासली गेली. ५५ मिनिटांच्या बदलातून ३४ मिनिटांची झोप पदरात पडली. सगळी नाही, पण रोजची. सिअॅटलची मुलं आपल्या सहावी-सातवीतल्या मुलांपेक्षा मोठी होती आणि तिथे दोन सत्रांची अडचण नव्हती, हे मी विसरत नाही. आपल्याकडे इमारत, स्कूलबस, शिक्षकांचे तास हे सगळंच गुंतलेलं आहे, त्यामुळे एका परिपत्रकाने हे सुटणार नाही. निदान मोठ्यांना दुपारचं सत्र देऊन पाहणं काही शाळांना जमण्यासारखं आहे.

शाळेची वेळ आईवडिलांच्या हातात नसते, क्लासची आणि सुट्टीच्या दिवशी उठण्याची असते. रविवारी बारापर्यंत झोपू दिल्याने घड्याळ आणखी पुढे जातं आणि सोमवार जास्तच जड जातो. तास-दीड तास जादा ठीक, मग पडदे उघडावेत. आणि सातवीच्या क्लासची साडेसात ते नऊची बॅच ठरवण्याआधी कागदावर एक साधा हिशेब मांडावा. पावणेसहापासून नऊ तास मागे मोजले तर पावणेनऊ येतात. त्या वेळी मूल अजून क्लासच्या बाकावर असतं.