तक्त्यातले हात

चाकणच्या एमआयडीसीत ऑपरेटर भरतीसाठी मी ज्या मानसशास्त्रीय कसोट्या घेतो, त्यांत परड्यू पेगबोर्ड माझी सगळ्यात लाडकी. पाटीवर 25-25 भोकांच्या दोन ओळी, वरच्या कडेला चार वाट्या. आधी उजव्या हाताने, मग डाव्या, मग दोन्ही हातांनी 30-30 सेकंद पिना बसवायच्या. शेवटचं मिनिट जुळणीचं: पिन, वॉशर, कॉलर, पुन्हा वॉशर. उजवा हात पिन बसवत असतानाच डाव्याने वॉशर उचललेला असावा लागतो. काहींना ही लय पहिल्याच सरावात सापडते, आणि ते बघायला मला आजही फार आवडतं.

अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात जोसेफ टिफिन यांनी ही कसोटी तयार केली. अ‍ॅशर यांच्याबरोबरचा त्यांचा तिच्यावरचा लेख 1948 साली 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'त आला. हे नियतकालिक 1917चं, स्टॅन्ली हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेलं. हॉल यांनी 1887मध्येच 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी' सुरू केलं होतं. पण कामावरच्या माणसाच्या अभ्यासाला हक्काची जागा मिळाली ती 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'मुळे.

नवशिक्यांना मी टिफिन-अ‍ॅशर यांच्या लेखातले गुणांचे तक्ते आधी वाचायला लावतो. त्यांत हात कुणाचे? कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे, सैन्यातून परतलेल्यांचे, तिकडच्या कारखान्यांत नोकरी मागायला आलेल्यांचे. माझ्यासमोर बसतात ती खेड-जुन्नरची, लातूर-नांदेडची आयटीआय झालेली मुलंमुली, कितीतरी जण रात्रभर एसटीत बसून आलेली. त्या तक्त्यावरून त्यांना नापास करणं हा सरळ अन्याय आहे. इथल्यांची तुलना इथल्यांशीच व्हावी. सूचनाही मराठीत, प्रत्येकाला शब्दन् शब्द तीच.

आपल्याकडे मानसशास्त्रीय कसोट्यांची ही वाट जुनी आहे. ट्राम चालकांची पारख प्रयोगाने करू पाहणाऱ्या म्यून्स्टरबर्ग यांच्याकडे हार्वर्डला शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्र विभाग उभा केला, आणि 1926मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजी' सुरू झालं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तिथे मुलांच्या बुद्धीच्या कसोट्यांवर काम झालं.

कारखान्यातल्या हातांच्या नोंदी मात्र कंपन्यांच्या कपाटांत पडून राहतात. नाव-गाव वगळून, वय, शिक्षण आणि कसोटी कशी घेतली ते लिहून त्या छापायला हव्यात. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत हेच काम करणाऱ्याला त्या ताडून बघता येतील, आणि आमचं कुठे चुकतंय तेही सांगता येईल.