मुरुडचा समुद्र आणि फोटोवाले चाचा

मुंबईहून पेण, अलिबागमार्गे निघून रेवदंडा-साळावचा पूल ओलांडला की समुद्र उजव्या हाताला सोबत करू लागतो. कोर्लई, काशिद, नांदगाव अशी गावे मागे पडतात आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ता मुरुडात शिरतो. जंजिरा संस्थानाचे हे मुख्य गाव. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पण नवाबांचा राजवाडा टेकडीवर अजून उभा आहे. किनाऱ्यावरून समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो. दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर राजपुरी आणि तिच्यासमोर जंजिरा. अरबीत जझीरा म्हणजे बेट, त्यावरूनच हा शब्द आला.

जंजिऱ्याचे फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये नाहीत? होडीत बसलेले आपण, मागे तटबंदी. आम्हीही दरवर्षी असेच फोटो काढत आलो. या खेपेस आजोळच्या बंद घराचे काय करायचे हे ठरवायला आम्ही चौघे चार दिवस मुरुडात होतो. कुवेतला असलेल्या मामूंचे म्हणणे, घर पाहा, वाडी पाहा आणि विकायचे की ठेवायचे ते सांगा. त्या निमित्ताने गावातल्या फोटोवाल्या चाचांची गाठ पडली. निकाहाचे, शाळेचे, पासपोर्टचे फोटो काढण्यात त्यांचे आयुष्य गेले. आता दुकान मुलगा पाहतो आणि चाचा समुद्राचे फोटो काढतात. आमच्या मुलीने विचारले, "चाचा, मी सोबत येऊ?" ते म्हणाले, "ये बेटा. पण मी शिकवणार नाही. तू बघ." मग आम्ही सगळेच गेलो.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. राजपुरीच्या खडकांवर बसून पाणी कुठवर आले आहे ते पाहिले आणि विचारले, "आज चांद कितवा?" आम्हांला वाटले, सहज विचारताहेत. पण त्यांचे सगळे वेळापत्रक त्या एका प्रश्नावर चालते.

भरती-ओहोटी चंद्राच्या मागे असते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी दुपारी बाराच्या आसपास भरते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खूप मागे जाते. याला कोळी लोक उधाण म्हणतात. सातव्या-आठव्या आणि एकविसाव्या-बाविसाव्या चांदाला मात्र भांग असते. पाणी कमी चढते, कमी उतरते आणि संध्याकाळी सहाला भरती येते. म्हणजे ज्याच्या घरात हिजरी कॅलेंडर टांगलेले आहे, त्याला वेळेचा अंदाज भिंतीवरच मिळतो. ओल्या वाळूत आकाशाचे रंग उतरलेले हवे असतील तर महिन्याच्या सुरुवातीला किंवा चौदाव्या चांदाला संध्याकाळी यावे. लाटा खडकाला भिडलेल्या हव्या असतील तर सातव्या-आठव्याला. चौदावा-पंधरावा चंद्र फजरच्या सुमारास समुद्राकडे उतरत असतो. तेव्हा चाचा फजर पढून थेट किनारा गाठतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. राजपुरीहून पाहिले तर किल्ला पश्चिमेला. सूर्य त्याच्यामागे मावळतो, त्यामुळे संध्याकाळी तटबंदी काळीच दिसणार. चाचा ती उजळ करायच्या भानगडीत पडत नाहीत. "संध्याकाळी आकाशाचा फोटो काढायचा, किल्ल्याचा सकाळी," असे ते म्हणाले. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि ऊन सरळ दरवाज्याच्या बाजूवर पडते. हा दरवाजा होडी जवळ जाईपर्यंत नीट ओळखू येत नाही, इतका तो बुरुजांच्या आड आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र बुरुजांच्या सावल्या पडतात आणि दगडांचे थर वेगळे दिसू लागतात.

तिपाई लावण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी. पाय वाळूत दाबून बसवायचे, एक लाट त्यांवरून जाऊ द्यायची, वाळू खचली की पुन्हा दाबायचे. मग क्षितिजाची रेघ सरळ करायची. ती जरा कलली की समुद्र एका बाजूला सांडल्यासारखा दिसतो. पुढे काहीतरी हवेच. खडक, होडीचा दोर, ओहोटीच्या पाण्याची वळणे, नाहीतर नजरेला आत शिरायला वाट राहत नाही. लाटेचे तुषार थिजवायचे तर सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद. भिंगापुढे काळी काच लावून तीस सेकंद ठेवले तर लाटांचे धुके होते. आमच्या मुलाकडे फक्त मोबाईल होता. चाचांनी त्याचे बोट धरून पडद्यावर उजळ आकाशाच्या जागी दाबून ठेवले आणि उजेड खाली ओढला. पांढरेफटक आकाश क्षणात केशरी झाले.

मगरिबची अजान झाली तेव्हा इतर लोक उठून निघाले होते. चाचांनी कॅमेरा झाकला, जवळच नमाज अदा केली आणि पुन्हा तिपाईपाशी आले. सूर्य गेल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे त्यांना सर्वांत प्रिय. आकाश निळे होत जाते, होड्यांवर दिवे लागतात आणि पाणी शांत दिसते. घरी जाण्याआधी त्यांनी ओल्या सुती कापडाने कॅमेरा आणि भिंगावरची काच पुसली. तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुतले. खारी हवा लोखंडालाही सोडत नाही.

तिसऱ्या दिवशी वाटेत मासळी सुकवणाऱ्या बायका होत्या. मुलीने मोबाईल वर केला, तसे चाचा म्हणाले, "आधी सलाम-दुआ, मग विचार, मग फोटो. नाही म्हणाल्या तर समुद्र आहेच." तिने विचारले. दोघी हसून उभ्या राहिल्या, एकीने मान हलवून नकार दिला. तिला चौकटीबाहेर ठेवूनच फोटो निघाला.

त्या रात्री त्यांनी घरी बोलावून जुने फोटो दाखवले. एकाच दगडावर उभे राहून वर्षानुवर्षे काढलेले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याआधीच्या आणि नंतरच्या फोटोंत समुद्र तोच, पण कडेची हिरवी रांग नाहीशी. पोफळी मोडून पडलेल्या, कौले उडालेली. चाचा म्हणाले, "वादळानंतर आखातातून फोन यायचे. माझ्या वाडीचा आधीचा फोटो आहे का? मी तर किल्ल्याचे फोटो काढत होतो. कोपऱ्यात कुणाची वाडी आली असेल तेवढीच. तेव्हापासून मी चौकट थोडी गावाकडे वळवतो. किल्ला दगडाचा आहे, तो राहील. वाडी माणसाच्या हातावर जगते."

त्यांतल्याच एका फोटोत, उजव्या कडेला, आमच्या आजोळची वाडी होती. विहीर, तिच्यावर वाकलेला नारळ, मागे पोफळींची दाट रांग. आज तिथे विहीर आहे आणि उघडी जमीन. तो फोटो आणि त्याच जागेवरून दुसऱ्या सकाळी मुलीने काढलेला, असे दोन्ही आम्ही मामूंना पाठवले. तासभर उत्तर नाही. मग फोन आला. घराच्या किमतीविषयी ते काही बोललेच नाहीत. "विहिरीला पाणी आहे?" एवढेच विचारले. आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग आधी केळी लावा. केळीच्या सावलीत पोफळीची रोपे धरतात. विकायचे नंतर पाहू."

पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षे सहज लागतात. घर राहील की जाईल हे तोवर ठरेलही. पण पावसाच्या तोंडाला रोपे लावायचे ठरले आहे आणि दर ईदला त्याच दगडावरून एक फोटो काढण्याचे काम मुलीने अंगावर घेतले आहे.

ज्यांची गावे किनाऱ्यावर आहेत, त्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या खेपेला चांद पाहून जा, असरनंतर एक तास काढा आणि किल्ल्याबरोबर आपल्या अंगणाचाही एक फोटो काढून ठेवा. मागे तारीख लिहायला विसरू नका.