तुर्भ्याचे संकेतस्थळ

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान काश्मीर तरी गाठावे, अशी आपल्याकडची रीत आहे. मी गेलो तो ट्रॉम्ब्याला. सकाळी अंधेरीहून निघालो आणि दिवेलागणीला घरी परतलो. तरीही या प्रवासात मला जितके लांब जावे लागले, तितके बद्रीकेदारलाही जावे लागले नव्हते.

निमित्त झाले आमच्या कन्येचे. गेल्या जानेवारीत आमच्या लग्नाला २२ वर्षे पुरी झाली. भेट म्हणून तिने माझ्या हाती एक कागद ठेवला. त्यावर चार कोडी होती. खाली अक्षांश-रेखांश होते. पण त्यांतल्या चार आकड्यांच्या जागी क, ख, ग, घ अशी अक्षरे बसली होती.

"बाबा, कोडी सोडवा, आकडे भरा आणि त्या जागी जा. तिथे एक डबी आहे. आईला बरोबर न्यायचं. पण तिने आपणहून काही सांगायचं नाही!"

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. अमेरिकेचे उपग्रह जे स्थान दाखवीत, त्यात नागरी वापरासाठी मुद्दाम चूक घातलेली असे. २ मे २००० रोजी ती काढून टाकली आणि शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन संस्थानातल्या डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली पुरली, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि शोधणाऱ्यासाठी आत एक वही ठेवली. सापडली तर वहीत नाव लिहायचे. एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. पुढे या खेळाला कोड्यांची जोड मिळाली. आधी कोडे सोडवा, मग खरी जागा कळणार!

मराठीच्या प्राध्यापकाने यावर मान हलवून "यात नवीन ते काय?" असे म्हणायचे असते. मीही म्हटले. संगणकावरच्या पानाला आपण आज 'संकेतस्थळ' म्हणतो. पण मुळात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी गुपचूप ठरवलेली भेटीची जागा. हालाच्या 'गाथासप्तशती'त अशा जागा कितीतरी. त्यांतल्या एका गाथेची चर्चा आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त केली आहे. फुले तोडायला येणाऱ्या एका धार्मिकाला एक स्त्री सांगते, की तुम्हांला त्रास देणारा तो कुत्रा आता उरला नाही, खुशाल फिरा. गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने त्याला मारले! वरकरणी निमंत्रण, आतून मज्जाव. ती झाडी तिला आपल्या भेटीसाठी मोकळी हवी आहे. आणि आपला उखाणा? एकाच शब्दाचा अर्थ कोडे आणि नवऱ्याचे नाव घेणे, असा दुहेरी. प्रेम आणि कोडे यांची सांगड घालायला आपल्याला ऑरेगॉनची गरज नव्हती.

हे सारे मी हार्बर गाडीत सौभाग्यवतींना ऐकवले. त्या खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाल्या. वडाळ्याला गाडी बदलून आम्ही चेंबूरला उतरलो आणि रिक्षा केली.

पहिले कोडे वाटेवरचेच होते. ज्या चित्रपटातल्या आलिंगनाने एका चित्रसंस्थेला बोधचिन्ह दिले, त्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर नर्गिस. 'बरसात', १९४९. क म्हणजे ९. शीव-ट्रॉम्बे रस्त्यावरचा तो आर. के. स्टुडिओ आता राहिलेला नाही. २०१७ साली त्याला आग लागली, पुढे जागाही विकली गेली. रिक्षावाल्याने तरीही "इथे होता बघा" म्हणून हात केलाच.

दुसरे कोडे: तुर्भ्याची अप्सरा कोणत्या साली जागी झाली? अणुशक्तीनगरच्या वसाहतीत वाढलेल्या सौभाग्यवती गालात हसल्या. 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी. ती ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. पाण्याखालच्या गाभ्यातून उमटणारा निळा प्रकाश पाहून नेहरूंनी तिला हे नाव दिले. ख म्हणजे ६. जुने लोक ट्रॉम्ब्याला तुर्भे म्हणत. खाडीपलीकडे नव्या मुंबईतही एक तुर्भे आहे, म्हणून कोड्यात गफलत व्हायची. पण अप्सरा अलीकडचीच.

तिसऱ्या कोड्याने मी हळहळलो. अंधेरी आणि ट्रॉम्बे यांना जोडणारी आगगाडी किती वर्षे धावली? होय, अशी गाडी होती! १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. ग म्हणजे ६. साखरपुड्यानंतर सुटीत मी अंधेरीहून इकडे यायचो, तेव्हा दोन गाड्या आणि एक बस करून माझा जीव मेटाकुटीला येई. ती गाडी टिकली असती, तर आमच्या भेटी दुप्पट झाल्या असत्या.

"झाल्या असत्या का?" सौभाग्यवती म्हणाल्या.

चौथे कोडे: साखरपुडा ते लग्न या आठ महिन्यांत बाबांनी आईला किती पत्रे लिहिली? मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात नोकरीला होतो. मी बेधडक ९ लिहिले. नऊ तरी असणारच! उलट कमीच धरली, असे मनात म्हणत मोबाइलमध्ये आकडे भरले.

रिक्षा ट्रॉम्ब्याच्या बसथांब्यापाशी थांबली. डावीकडे कोळीवाडा, मागे डोंगर. त्याच्या पलीकडचा सारा मुलूख भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणात. आम्ही वाळत घातलेल्या मासळीचा वास घेत जेट्टीकडे चालू लागलो. ओहोटी होती. दूर चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग चोची खाली घालून चरत होती. खाडीच्या पश्चिम काठाला त्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली ही पाणथळ रामसर यादीत गेली. जेट्टीचे टोक आले. मोबाइलमधला बाण मात्र ठामपणे पुढे, पाण्याकडेच बोट दाखवीत होता.

"अजून पाऊणशे पावलं?" सौभाग्यवतींनी विचारले.

"पाऊण किलोमीटरहून जास्त," मी म्हणालो.

मी हिशेब मांडला. आपल्या अक्षांशावर रेखांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,७५० मीटर. घ होता मिनिटाच्या दशांशाच्या जागी. म्हणजे एका आकड्याची चूक १७५ मीटरांची. मला खाडीतून परत जमिनीवर यायचे तर पाच आकडे तरी मागे यायला हवे होते.

"चार?" मी हळूच विचारले.

"चार," त्या म्हणाल्या. "माझी अकरा."

चार आकड्याने आम्हांला कोळीवाड्यातल्या एका ओटीवर नेले. सौभाग्यवतींच्या माहेरी मासे घेऊन येणाऱ्या कोळणीची लेक तिथे राहते. दोघी लहानपणच्या मैत्रिणी. मुंबईत, तेही अणुकेंद्राच्या शेजारी, बेवारशी डबा लपवणे म्हणजे पोलिसांना आमंत्रण. म्हणून कन्येने शहाणपणाने डबी या मावशीच्या ओटीवर, तुळशीवृंदावनामागे ठेवली होती.

"लय येल लावलात, दाजी!" मावशी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

डबीत एक कोरी वही होती आणि माझी चार पत्रे. मी सर्वांत जाड पत्र उघडले. चार पाने! माझेच अक्षर. गोदाकाठची झाडी, तो सिंह, तो धार्मिक, ध्वनी आणि व्यंजना. सकाळी गाडीत ऐकवले ते सारे शब्दशः तिथे होते.

"हे ज्या पत्राचं उत्तर आहे, त्यात मी काय विचारलं होतं, आठवतं?" सौभाग्यवतींचा आवाज शांत होता. "मुंबईतली माझी नोकरी सोडून तिकडे यावं, की वर्षभर थांबावं? तुम्ही मला सिंहाबद्दल लिहिलंत."

त्यांनी नोकरी सोडली होती. दोन वर्षांनी मीच मुंबईला आलो. त्यांना मात्र तशी नोकरी पुन्हा मिळाली नाही. हे सारे मला ठाऊक होते. पण तो प्रश्न मला विचारला गेला होता, हे मी साफ विसरलो होतो. वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो, की प्रेमात न बोललेले ओळखावे. इथे स्पष्ट शाईत बोललेलेही मला वाचता आले नव्हते.

मी वही घेतली. नाव आणि तारीख लिहिली, आणि खाली दोन ओळी लिहिल्या: 'नोकरी सोडू नकोस, थांब, असे लिहायला हवे होते. तुझे पत्र मी नीट वाचले नाही.' त्यात एकही अलंकार नव्हता.

सौभाग्यवतींनी ते दोनदा वाचले. बराच वेळ त्या खाडीकडे बघत राहिल्या. भरती सुरू झाली होती आणि रोहित पक्षी काठाकडे सरकत होते. मग वही मिटून त्यांनी डबीत ठेवली.

"आता पाच झाली," त्या म्हणाल्या. "पोरीला सांगा, डबी १७५ मीटर पुढे न्यायला लागेल."