जोडीची कुस्ती पाहत वडशापर्यंत

दिवाळी सरली, धान कापून खळ्यावर आले, की आमच्या चंद्रपूरच्या घरात एकच विषय निघतो : औंदा नाटकाला कोणत्या गावी जायचे? गेल्या हिवाळ्यात वडशाकडच्या सोयऱ्यांचा निरोप आला. गावात दिवसा शंकरपट, रात्री नाटक, मुक्कामाची सोय घरीच. आम्ही सारे निघालो. सोबत शिदोरी, शाली, दोन लहान पोरे आणि आमचे मोठे मामा. मामा बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी कुस्ती खेळलेले. त्यांचे कान अजूनही पहिलवानाचे आहेत, मोडलेले.

चांदा फोर्टवरून गाडी सुटली, की मूल, सिंदेवाही, नागभीड अशी जंगलातून जाते. सागाची पाने तांबूस झाली होती, धुक्यातून मोहाची झाडे उभी दिसत होती. पण आमच्या भाच्याचे लक्ष खिडकीबाहेर नव्हते. तो मोबाईलवर जपानची जुनी कुस्ती पाहत होता. मामांनी डोकावून पाहिले आणि म्हणाले, "हे त नाटक हाये जी! आधीच ठरवून खेळतेत. कुस्ती म्हणजे खाशाबाची. 1952 साली हेलसिंकीत त्याने कांस्यपदक आणले. सोन्याचे पदक नेले जपानच्या इशीने. तो जपानी खरा पहिलवान!"

मामांचे म्हणणे खरेच आहे. या खेळात निकाल आधी ठरलेला असतो. तरी भाच्याने हट्टाने खेळ समजावून सांगितला, आणि ऐकता ऐकता आम्हीही त्यात रमलो.

जोडीच्या कुस्तीत दोन्ही बाजूंना दोन-दोन पहिलवान असतात. दोरांच्या आत प्रत्येकी एकानेच लढायचे. जोडीदाराने बाहेर आपल्या कोपऱ्यात उभे राहायचे. आतल्याने हाताला हात लावला तरच बाहेरच्याला आत यायचा हक्क. म्हणून समोरचे काय करतात, तर एकट्याला धरून त्याच्या कोपऱ्यापासून दूर ठेवतात. तो सरपटत येतो, जोडीदार दोरावरून वाकून हात लांबवतो, चार बोटांचे अंतर उरते, आणि त्याला पाय धरून मागे ओढतात. दोन्ही खांदे टेकवून तीन मोजले की हार. आपल्याकडे चीतपट म्हणतात तसेच, फक्त तीन मोजेपर्यंत धरून ठेवावे लागते. दोन मोजून झाले, की जोडीदार नियम मोडून धावत येतो आणि सोडवतो. सारी गंमत आणि सारी कळ त्या लांबवलेल्या हातात आहे.

जपानात हा खेळ घरोघरी पोचला तो 1954 च्या फेब्रुवारीत. रिकिदोझान आणि ज्युदोचा पहिलवान किमुरा ही जोडी तोक्योत परदेशी शार्प बंधूंशी लढली. दूरदर्शन तिकडे वर्षभरापूर्वीच सुरू झाले होते. संच घेण्याची ऐपत थोड्यांची. म्हणून चौकात लावलेल्या संचांपुढे हजारो माणसे उभी राहिली. युद्धात हरलेल्या देशाला आपला माणूस धिप्पाड परदेशी पहिलवानांना मारताना पाहायचा होता.

पण हा "आपला माणूस" मूळचा कोरियाचा होता. कोरियावर तेव्हा जपानचे राज्य होते, आणि जपानात कोरियन माणसाला हलके लेखीत. रिकिदोझान आधी सुमो खेळायचा. तिथे वरच्या पायरीपर्यंत चढला आणि 1950 साली सोडून आला. लोकांना सांगितले गेले, की तो नागासाकीकडचा जपानी आहे. साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेला हा माणूस आपला जन्म लपवून जगला. 1963 च्या डिसेंबरात चाकूचा वार लागून तो गेला.

हे ऐकून मामा गप्प झाले. ब्रह्मपुरी मागे पडली, वैनगंगेचा पूल आला. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. 1982 साली 26 ऑगस्टला तो चंद्रपुरातून वेगळा झाला, पण सोयरीक आणि धानाची शेती दोन्हीकडे एकच. मामा पुलावरून नदीकडे पाहत राहिले.

दुपारी शंकरपट पाहिला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पट बंद झाले होते. 2023 च्या मे महिन्यात न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केला. पटातही जोडीच धावते. एक बैल कितीही जोमाचा असला आणि दुसरा मागे राहिला, तर जू वाकडे होते आणि वाट सुटते.

रात्री नाटक. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेर, कंपन्या इथूनच गावोगावी जातात. दहाच्या पुढे पडदा उघडला तो पहाटेपर्यंत. बाया पोरांना शालीत गुंडाळून बसल्या होत्या. तिसऱ्या अंकात धाकट्या भावाने मोठ्याचा मार आपल्या अंगावर घेतला, तेव्हा मंडपात हुंदके ऐकू येऊ लागले. रंगमंचावरचा भाऊ हा भाऊ नाही, रक्त हे रक्त नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होते. आमच्या मामांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले.

भाचा हळूच म्हणाला, "मामाजी, हे पण ठरवूनच खेळतेत ना?"

मामा हसले. काही बोलले नाहीत.

सकाळी सोयऱ्यांच्या अंगणात शेकोटीपाशी चहा घेताना ते आपणहून बोलू लागले. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावी दंगल होती. आमच्या वस्तीतल्या पोरांना त्या आखाड्यात उतरू देत नसत. मामांनी आडनाव बदलून सांगितले आणि उतरले. कुस्ती मारली, नारळ आणि फेटा मिळाला. तेवढ्यात कोणीतरी ओळखले. गर्दी आत घुसली. "माझा एक सोबती कपडे सांभाळत आखाड्याबाहेर उभा होता," मामा म्हणाले. "पळून जाता आलं असतं त्याले. पण त्यानं गर्दीत हात घातला, माझं मनगट धरलं आन् बाहेर ओढलं. त्याच्या पाठीवर काठ्या बसल्या. आम्ही रातभर नदीच्या रेतीतून चाललो. फेटा तिथंच राहिला. आडनावही त्याच दिवशी टाकलं, मग कधी खोटं सांगितलं नाही."

शेकोटीभोवती कोणी बोलेना. ही गोष्ट आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

परतीच्या गाडीत मामांनीच भाच्याला म्हटले, "लाव रे ते तुझं जपान." त्याने 9 जून 1995 ची तोक्योच्या बुदोकान सभागृहातली लढत लावली. एकीकडे मिसावा आणि कोबाशी, दुसरीकडे कावादा आणि ताउए. मिसावा व कावादा एकाच शाळेचे, मिसावा एक वर्ष पुढे. आधी दोघे एकाच जोडीत खेळलेले, मग समोरासमोर आलेले. बेचाळीस मिनिटांवर लढत चालली. कोबाशीचा पाय दुखरा, आणि समोरच्यांचा मारा त्याच पायावर. शेवटी मिसावा पडला. कोबाशीला उभेही राहवेना, तरी तो रांगत गेला आणि जोडीदाराच्या अंगावर आपले अंग पसरून पडून राहिला. मार आपल्याला बसो, त्याला नको. तरीही ते हरले. कावादाने मिसावाला पहिल्यांदाच चीत केले.

भाच्याने सांगितले, की हाच मिसावा 2009 च्या 13 जूनला हिरोशिमात जोडीची कुस्ती खेळताना पाठीवर आपटला आणि त्यातच गेला. वय 46. निकाल ठरलेला असतो, पण अंग खरे असते, आपटणेही खरे असते.

मामांनी मोबाईल परत दिला. "खोटी म्हणू नका रे पोट्टेहो," ते म्हणाले. "तो लंगडा पोरगा माझ्या सोबत्यासारखा हाये."

त्या सोबत्याचे घर मूलजवळच्या एका खेड्यात होते. तो आता नाही, पण त्याची मुले आहेत. मूलला गाडी थांबली तेव्हा मामा पिशवी घेऊन उठले. आम्ही विचारले, "कुठे?" म्हणाले, "जयभीम करून येतो. लई वर्षं झाली." आम्हीही पोरांना घेऊन त्यांच्या मागे उतरलो.