पावतीचे इंजिन

आमच्या दारात पत्र्याच्या छपराखाली एक जीप उभी असते. पाहुणे आले की हमखास विचारतात, "ही कुठल्या सालची?" या प्रश्नाला आम्हा तीन भावंडांकडे एक उत्तर नाही. चेसिस आणि बॉडी जुनी, इंजिन तिच्याहून बऱ्याच उशिराचे. ते इंजिन घरी यायला जवळजवळ वर्ष लागले आणि त्या वर्षात घरात जी भांडणे झाली ती वाचक बंधू-भगिनींना सांगावीशी वाटतात. ती भांडणे नट-बोल्टची नव्हती.

आमचे आबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या माणसांना माहूत आणि मोटार ड्रायव्हर म्हणून नेमले, ही गोष्ट आबा नेहमी सांगत. "स्टेअरिंग आपल्या हातात पहिल्यांदा महाराजांनी दिलं," असे ते म्हणत. १९८४ साली लिलावात एक जुनी पेट्रोल जीप निघाली आणि आबांनी साठवलेले पैसे घालून ती घेतली. ज्या गावातून आमचे आजोबा पायातली वहाण हातात घेऊन चालले, त्या गावातून आबा ती जीप हॉर्न न वाजवता सावकाश नेत. हॉर्नची गरजच नव्हती, माणसे आपोआप बघत.

जीप मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीने ती सैन्यासाठी बनवली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत या जीपा जोडायला सुरुवात केली. आमची सीजे-३बी, म्हणजे उंच बोनेटची. तिच्या पेट्रोल इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि बोनेटही उंच करावे लागले. इंजिन गुणाचे, पण खादाड. लिटरला सात-आठ किलोमीटरच्या वर ती कधी गेली नाही.

१९९६ साली आबा निवृत्त झाले. थोरला शेतीपंप दुरुस्तीचे काम करायचा. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठाने उसाच्या रानात जायचे, विहिरीवरची मोटर उतरवायची, दुरुस्त करून परत बसवायची. पावसाळ्यात काळ्या रानात दुसरी गाडी रुतते. आमची जीप मात्र फोर व्हील टाकली की चारी चाकांनी चिखल उपसत बाहेर पडायची. पण मिळालेली मजुरी पेट्रोलवाल्याच्या गल्ल्यात जाऊ लागली. शेवटी जीप छपराखाली उभी राहिली आणि थोरला सायकलला पाने बांधून जाऊ लागला. कुणी म्हणाले, विकून टाका. कुणी म्हणाले, वडापला लावा. आबा म्हणाले, "परमिट नसताना माणसं भरायची न्हाईत." मग घरात ठरले, डिझेल इंजिन बसवायचे.

इंजिन कोणते, यावर फार वाद झाला नाही. त्या काळी जुन्या जीपांत ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवणारे बरेच होते. ते दणकट, पण जड, आणि सगळी गाडी थरथरते. दुसरे इंजिन प्युजो या फ्रेंच कंपनीचे, एक्सडीपी ४.९०. महिंद्रच्या एमएम-५४० जीपमध्ये तेच येत असे. त्याच्या नावातच त्याची माहिती आहे. सिलिंडर ४ आणि प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. पेट्रोल इंजिनासारखी झेप त्याला नाही, पण भूक कमी, आणि डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त.

थोरल्याने एका भंगारवाल्याकडे असे इंजिन शोधून काढले. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत. फक्त पावती मिळणार नव्हती. घरात आनंदीआनंद झाला. ताई मात्र म्हणाली, "मी बघून येते." ताई तेव्हा एका कचेरीत टायपिस्ट होती, तिला इंजिनातले काही कळत नव्हते. तिने ब्लॉकवरच्या नंबराच्या जागेवरून बोट फिरवले आणि परत येऊन सांगितले, "तिथं कानस फिरलीय. हे इंजिन घ्यायचं नाही."

थोरला भडकला. "सगळं उद्यमनगर असंच चालतं. तुला काय ठावं?" धाकटा त्याच्या बाजूने. आम्ही आबांकडे पाहिले. ते म्हणाले, "चोरीचा माल निघाला तर दुसऱ्याला दंड हुईल. आपल्याला आधी जात इचारतील, मग दंड." तरीही थोरल्याचे समाधान होईना. तेव्हा चुलीपुढून आई बोलली. ती शाळेत गेलेली नव्हती. "रोज सकाळी पंचशील म्हणता न्हवं? दुसरं शील काय हाय? जे दिलेलं न्हाई ते घ्यायचं न्हाई. ते काय निस्तं म्हणायला हाय?"

त्यावर कुणाजवळ उत्तर नव्हते. इंजिन गेले. त्याबरोबर एक पावसाळाही गेला. त्या हंगामात थोरल्याच्या हातची किती कामे सुटली हे आम्हाला माहीत आहे. दोन महिने तो ताईशी बोलला नाही. शील पाळणे फुकट होत नाही, त्याची किंमत कुणीतरी मोजतो. आमच्या घरात ती थोरल्याने मोजली, हे इथे लिहून ठेवले पाहिजे.

१९९७ च्या दिवाळीनंतर दुसरे इंजिन मिळाले. अपघातात बॉडी चेपलेल्या एका जीपचे. मालकाने पावती दिली, आर. सी. बुकाची नक्कल दिली. आईच्या भिशीचे पैसे त्यात गेले. ताईने आधी आरटीओत अर्ज केला, मंजुरी घेतली आणि मगच थोरल्याने जुन्या इंजिनाचा पहिला बोल्ट सैल केला.

काम शिवाजी उद्यमनगरात झाले. शेतीची ऑईल इंजिने घडवून नाव कमावलेली ही वस्ती. इथे फौंड्री आहे, लेथ आहे आणि हाताला डोळे असलेली माणसे आहेत. आमचे मिस्त्री वस्तीतलेच, सगळे आयुष्य लेथवर गेलेले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांच्या तांत्रिक शिक्षणावर भर दिला होता. त्याचा अर्थ आम्हाला मिस्त्रींचे हात बघून कळला.

इंजिन बदलणे म्हणजे एक काढून दुसरे ठेवणे नव्हे. प्युजोचे तोंड जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट घालावी लागते. चेसिसवर नवी माउंटिंगे वेल्ड करायची. डिझेल दाबाने पेटते, म्हणून स्टार्टर आणि बॅटरी दमदार हवी, थंडीत हीटर प्लग हवेत. टाकीकडे उरलेले डिझेल परत नेणारी पाईप हवी. शिवाय पेट्रोल गाडी चावी फिरवली की बंद होते, कारण ठिणगी थांबते. डिझेलला ठिणगीच नसते. त्याचे डिझेल तोडावे लागते, म्हणून डॅशबोर्डवर एक खेचायची केबल आली.

सातव्या दिवशी लाईनीतली हवा काढून स्टार्टर मारला. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि इंजिन टकटक करत चालू झाले. थोरला चक्कर मारून आला तो पडल्या चेहऱ्याने. तिसरा गिअर आपोआप सुटत होता. "चालवून घेतो, सवय हुईल," तो म्हणाला. मिस्त्रींनी मान हलवली. सगळे पुन्हा उतरवले, डायल गेज लावला. प्लेटच्या मध्याचे भोक केसाएवढे सरकलेले होते. तेवढ्याने गिअरबॉक्सचा शाफ्ट तिरका ओढला जात होता. मिस्त्रींनी प्लेट नव्याने बोअर केली, त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. "चूक माझी, पैसे कसले?" एवढेच बोलले.

आरटीओत साहेबांनी आधी चेसिस नंबर बघितला, मग इंजिन नंबर, आणि आर. सी. बुकात नवी नोंद केली. परतताना धाकट्याने विचारले, "आबा, आता ही जीप तीच म्हणायची की दुसरी?" आबांनी मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. रथातून आलेल्या राजाला भदंत नागसेनांनी विचारले होते, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. सगळे भाग नीट जुळले की त्या जुळणीला रथ हे नाव. औरंगाबादच्या आपल्या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि तिथल्या परिसराला नागसेनवन, ते उगीच नव्हे.

धाकट्याला जोर चढला. "म्हणजे बाबासाहेबांनी समाजाचं असंच इंजिन बदललं!" आबा हसले. "खुळ्या, १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी इंजिन न्हाई बदललं. ती गाडीच सोडली."

त्या संध्याकाळी आईला पुढे बसवून आम्ही बिंदू चौकात गेलो. बाबासाहेब हयात असतानाच, १९५० साली, इथे त्यांचा पुतळा उभा राहिला. शेजारी महात्मा फुले. आईने हात जोडले. थोरल्याने केबल खेचून इंजिन बंद केले आणि मागे वळून ताईला म्हणाला, "उतर की, फाईल घेऊन बसलीस ती?" दीड वर्षातले ते त्याचे तिच्याशी पहिले सरळ वाक्य.

आज आबा नाहीत, आईही नाही. थोरल्याचा मुलगा तीच जीप घेऊन पंपाच्या कामाला जातो. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते, ते ताईच्या फाईलमुळे. आता कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सन २००० मध्ये बदलले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. तेव्हा आमचे वाचून कुणी लगेच पाना हातात घेऊ नये. आधी आरटीओत लेखी विचारावे.

आमच्या मुलांना मात्र आम्ही एवढे सांगतो. हातात कसब असू द्या आणि खिशात पावती. आपल्या वाडवडिलांना दोन्ही मिळू दिले नव्हते.

जय भीम!