नावापुढचा राव

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि संध्याकाळी ती मुक्कामाला आमच्या सणसरला येते. दुसऱ्या दिवशी बेलवाडीचं रिंगण. आमचं घर रस्त्याच्या कडेला आहे. त्या दिवशी अण्णा सकाळीच दोन पिंपं धुऊन भरून ठेवतात आणि आई भाकरीचं पीठ मळायला घेते. आम्ही ख्रिस्ती आहोत. भिंतीवर येशूची तसबीर आहे, दारावर क्रूस आहे. पाणी पिताना आजवर एकाही वारकऱ्यानं त्याबद्दल विचारलं नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक म्हातारी वारकरीण ओट्यावर टेकली. आईनं तिला पाणी दिलं, भाकरीवर पिठलं घालून दिलं. खाऊन झाल्यावर ती उठली आणि आईला काही कळायच्या आत वाकून तिच्या पायाला हात लावला. "येते माउली," म्हणाली आणि दिंडीत मिसळून गेली.

रात्री जेवताना आई गप्प होती. मग म्हणाली, "मला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं."

अण्णा म्हणाले, "ते सगळ्यांनाच म्हणतात."

"म्हणून तर," आई म्हणाली.

त्या दोन शब्दांचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. माउली हा शब्द तिला काही करून मिळवावा लागला नव्हता. आधी भाकरी चांगली करून दाखव, मग माउली, असा सौदा नव्हता. शब्द आधी आला होता.

आमच्या घराला शब्दांचा एक इतिहास आहे. माझा आजा गावकुसाबाहेरचा. त्याचं नाव भलं मोठं होतं, एखाद्या राजाला शोभेलसं. पण गावात ते कुणी पुरतं घेतलं नाही. अर्धं नाव तोडायचं आणि मागं 'या' लावायचा, ही तेव्हाची रीत. शेंबड्या पोरानंही हाक मारावी ती तशीच. आज्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की त्याला स्वतःचं आख्खं नाव कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

बारामतीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यांचं काम होतं. त्या बाजूच्या एका प्रार्थनासभेत आजा पहिल्यांदा गेला. घरात सांगतात ते असं : पाळकांनी त्याला नाव विचारलं, त्यानं 'या' लावूनच सांगितलं. पाळकांनी ते मनात दुरुस्त केलं आणि प्रार्थनेत आख्खं नाव घेऊन पुढं 'राव' लावला. आज्यानं मागं वळून पाहिलं, हे कोण आलंय म्हणून. आजीला तिथं 'बाई' म्हणत. पुढं बाप्तिस्मा का घेतला असं विचारलं की आजा तारणाबद्दल वगैरे बोलायचाच, पण आधी हसून म्हणायचा, "मागं वळून बघितलं ना, तवाच झाला."

चर्चमध्ये बसलं की मला बर्णबाची गोष्ट हमखास आठवते. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये तो येतो. त्याचं मूळ नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिलं, म्हणजे धीर देणारा, उत्तेजन देणारा. शौलाला सगळे शिष्य भीत होते, कारण कालपर्यंत तो त्यांना धरून तुरुंगात टाकत होता. बर्णबानं त्याचा हात धरला आणि त्याला यरुशलेममधल्या प्रेषितांसमोर नेऊन उभं केलं. पुढं तरुण मार्क प्रवासातून अर्ध्यातच परतला, तेव्हा पौलानं त्याला पुन्हा बरोबर घ्यायला साफ नकार दिला. बर्णबानं त्यावरून पौलाशी फारकत घेतली, पण मार्कला सोबत नेलं. म्हाताऱ्या पौलानं अखेरच्या पत्रात त्याच मार्कला बोलावून घेतलंय, तो उपयोगी पडतो म्हणून. बर्णबानं केलं ते कौतुक नव्हे. ज्याच्याबद्दल चांगलं बोलायला अजून पुरावा नाही, त्याच्याबद्दल चांगलं बोलून दाखवणं होतं ते. यात फसायची जोखीम असते.

मराठी ख्रिस्ती घरांत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव निघतंच. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांच्या आयुष्याचं वळण सुरू झालं तेही आगगाडीतल्या एका संभाषणातून. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. संस्कृत काव्याबद्दल बोलणं निघालं. त्यानं टिळकांना बरोबरीच्या विद्वानासारखं वागवलं, उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. तो कोण होता हे टिळकांना पुढं कधीच कळलं नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांना हे ऋण दुसऱ्याकडं पोचवता आलं असं मला वाटतं, ते बालकवींमुळे. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथं कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. पण नाव देऊन संमेलन संपतं, पोरगं घरी जातं, तिथं दारिद्र्य असतंच. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं, त्याचे रुसवे आणि भित्रेपणा सगळं सांभाळलं. 'स्मृतिचित्रे'मध्ये तो ठोंबरे म्हणूनच भेटतो, रक्तामांसाचा, घरातला. संमेलनात मिळालेला शब्द टिळकांच्या स्वयंपाकघरात निभावला गेला.

शब्दानं सगळं भागतं असं मात्र नाही. बालकवींची उदासी गेली नाही. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली ते गेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. तरीही त्या उण्यापुऱ्या दशकात त्यांनी जे लिहिलं, त्यात त्या घराचा वाटा आहेच.

आता अण्णांबद्दल. ज्याला विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्याचा हा मुलगा पाटबंधारे खात्यात पाटकरी झाला. नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवर त्यांची नोकरी गेली. कुणाची पाळी कधी, दार किती उघडायचं, हे त्यांच्या हातात. ऊसपट्ट्यात हे काम म्हणजे काय ते इंदापूर-बारामतीच्या माणसाला सांगायला नको. आवर्तन सुटलं की वरचे दाबून पाणी घेतात आणि टेलच्या शेतकऱ्याचं पीक वाळतं. अण्णा रात्री-अपरात्री बॅटरी आणि काठी घेऊन चारीवर जात, चोरून लावलेल्या नळ्या काढत, शिव्या खात आणि टेलला पाणी पोचवत.

आवर्तनाच्या दिवसांत आमच्या दारात लोक यायचे. अण्णासाहेब, रावसाहेब, देवमाणूस! आज्याचं नाव तोडणाऱ्यांची नातवंडं त्यांत होती. आवर्तन संपलं की तीच माणसं स्टँडवर ओळख दाखवत नसत. अण्णा निवृत्त झाले त्या महिन्यापासून 'साहेब' गळाला तो गळालाच. त्यामुळं गोड शब्द ऐकला की यामागं किती इंच पाणी हवंय, असा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू व्हायचा. दुसऱ्याला असा शब्द देणं त्यांनी सोडूनच दिलं. चर्चमध्ये साक्ष द्यायला उठले की सगळ्यांना आशीर्वाद देत. घरी आईला 'अगं ए'. माझा दहावीचा निकाल पाहून म्हणाले, "गणितात कमी आहेत." आईच्या हातच्या जेवणाला पन्नास वर्षांत एकदाही बरं म्हणाले नाहीत.

मला त्याचा राग होता. पुण्यात नोकरीला लागल्यावर तो राग मी नीट जपून ठेवला. मग एकदा माझ्या मुलीनं चित्र काढून आणलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हात लहान झालेत." तिनं चित्र मागं घेतलं तेव्हा मला ऐकू आला तो अण्णांचा आवाज. अण्णांकडे निदान कारण होतं. खुशामतीनं त्यांचे कान खराब झाले होते. मला काय झालं होतं?

खुशामत आणि सन्मान यांतला फरक मला आता एवढाच कळतो : खुशामतीला पाण्याची पाळी हवी असते, सन्मानाला काही नको असतं. ती वारकरीण परत कधी आली नाही. आज्याला राव म्हणणाऱ्या पाळकांना त्याच्याकडून मिळण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ज्याच्याकडून आता काहीच मिळायचं नाही, त्याला सांगायचं राहिलेलं आधी सांगून टाकावं.

गेल्या वर्षी पालखीला मी गावी गेलो होतो. अण्णा ऐंशीच्या पुढं गेलेत, कानानं अधू झालेत. पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसले होते, हातात तांब्या. दिंड्यांमध्ये थोडी उसंत मिळाली तेव्हा मी शेजारी उकिडवा बसलो. बोलायचं ठरवून आलो होतो, तरी जीभ जड झाली. शेवटी म्हणालो, "अण्णा, टेलच्या लोकांना तुम्ही पाणी पोचवलंत. अर्ध्या रात्री जायचात. मला त्याचा अभिमान वाटतो. कधी बोललो नाही."

त्यांनी रस्त्याकडं पाहत विचारलं, "दुसरं पिंप भरलं का?"

मी उठून पिंप भरलं.

चार दिवसांनी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तू काय म्हणाला होतास रे त्यांना? दोनदा विचारलं मला, पोरगं त्या दिवशी काय म्हणत होतं म्हणून."

"ऐकू आलं नसेल त्यांना," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं," आई म्हणाली. "म्हणून सांगितलं पुन्हा. तर आज तिसऱ्यांदा विचारलं."